खर्जाचं झाकण

शनिवार, ७ फेब्रुवारी २००९. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी श्रीनिवास कुंटे यांनी माझ्या पेडलचे मागचे चार स्क्रू काढले, झाकण काउंटरवर उलटं ठेवलं आणि आतल्या बाजूला चिकटवलेला कागद नखाने सोलून काढला.

"हे काय आहे?"

"सर्किटचा नकाशा," मी म्हटलं. "कुठे काय लावलंय ते."

"ते मला दिसतंय, एस्तेर. मी फिजिक्सचा पदवीधर आहे. हे आत कशाला, असं विचारतोय."

"बिघडलं तर उघडणाऱ्याला कळावं म्हणून."

"म्हणजे ज्याला चोरायचंय त्याचीही सोय झाली." त्यांनी कागदाची चौकोनी घडी घातली आणि काउंटरच्या खणात टाकली. "दुकानाला रात्री कुलूप लावून मी किल्ली दारालाच लटकवून जातो का? नाही ना? मग?"

कुंट्यांचं वाद्यांचं दुकान पुण्यात लष्कर भागात होतं. पुढच्या खोलीत गिटारी टांगलेल्या, मागच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायर. पश्चिम महाराष्ट्रातले निम्मे ऑर्केस्ट्रावाले तारा आणि वायरी त्यांच्याकडूनच न्यायचे. मी मिरजेची. पंधराव्या वर्षापासून चर्चमध्ये बास गिटार वाजवत होते, विसाव्या वर्षापासून लग्नसराईत आणि गणपतीत ऑर्केस्ट्रांबरोबर. त्या शनिवारी मी सत्तावीस वर्षांची होते.

पेडल म्हणजे पायाखाली ठेवायची लोखंडी डबी. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये जोडायची, पायाने दाबली की आवाज बदलतो. बाजारात मिळायची ती बहुतेक साध्या गिटारीसाठी केलेली. ती बासला लावली की आवाजाला करकर यायची, पण पोट जायचं. खालचा सूर असा पातळ व्हायचा की ढोलकीवाला मान वळवून बघायचा, ही थांबली की काय म्हणून. मला पोट ठेवून करकर हवी होती. दोन वर्षं त्यात गेली. शेवटी जमलं. डबीवर तीन बटणं: कोरा, जाळ, आवाज. 'जाळ' फिरवलं की करकर वाढायची, 'कोरा' फिरवलं की मूळ सूर तेवढा खालून चालू राहायचा. नाव ठेवलं 'खर्ज'. मी स्वतःच ब्रशने रंगवायची.

तोवर एकोणीस विकली होती, सगळी हातोहात, स्टेजच्या मागे. ऑर्केस्ट्रावाल्यांची एक रीत असते. पेडल विकत घेताना ते आधी वाजवून बघत नाहीत, आधी उघडून बघतात. वरून चकाचक असलेल्या डबीच्या आत कोणी काय जोडून ठेवलंय याचा भरवसा नसतो. खिशातून स्क्रूड्रायव्हर निघतो, झाकण बाजूला होतं, तीन-चार डोकी आत वाकतात. सोल्डरचे डाग नीट दिले असतील तर मग वायर लावायची. माझं पेडल उघडलं की आत कागद दिसायचा, आणि पहिला वाकलेला माणूस हमखास हसायचा.

कुंटे हसले नव्हते.

"आवाजाबद्दल मला काही म्हणायचं नाही," ते म्हणाले. "परवा दुपारी मी तासभर वाजवून घेतलंय. असलं पेडल बाहेरून मागवलं तरी मिळत नाही. म्हणून तर तुला बोलावलं. मुंबईचे मस्करेन्हस माहीत आहेत? देशभर माल पुरवतात. त्यांना साठ नग हवेत. सुरुवातीला."

साठ हा आकडा मला ओळखीचा होता. मी एका हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करायची नोकरी करत होते आणि पेडलं करायची म्हणून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली होती. ती मार्चअखेर संपत होती. वर्षाला साठ गेली तर परत जावं लागणार नाही, असा हिशेब मी रजेच्या अर्जाच्या पाठीमागेच केला होता.

"अटी?" मी विचारलं.

"हुशार आहेस. तीन आहेत. एक, हा कागद नाही. दोन, आतल्या आयसीवरचे, म्हणजे चिपांवरचे, नंबर पॉलिशपेपरने घासून टाकायचे. तीन, वरून काळं रेझिन ओतायचं, सगळं झाकलं जाईल एवढं. दगड होतो त्याचा. मग दिल्लीतल्या कुणी उघडलं तरी त्याला डांबर दिसेल."

"आणि बिघडलं तर?"

"माझ्याकडे पाठवतील. मी तुझ्याकडे पाठवीन."

"मी तरी कसं उघडू? दगड झाला ना?"

"अगं, बिघडेल कशाला? तू केलंयस ना?" मग त्यांनी डबी सुलटी केली आणि बोटाने नाव पुसल्यासारखं केलं. "बटणांची नावं मात्र इंग्रजीत घे. 'जाळ' काय, 'जाळ'! स्टोव्ह आहे का? 'खर्ज' राहू दे. इंग्रजीत लिहिलं की जर्मन वाटतं."

सोमवारी तीन वाजता मस्करेन्हस दुकानात येणार होते. एक नग रेझिन ओतून, बंद करून आणायचा, असं ठरलं.

मी हो म्हटलं. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढे ही गोष्ट सांगणारे लोक म्हणतात की मी तिथल्या तिथे ताडकन उठले. मी उठले नाही. रेझिन कुठे मिळतं ते मी विचारलं, कुंट्यांनी बुधवार पेठेतल्या दुकानाचं नाव सांगितलं, आणि एकच्या सुमारास तिथून घेतलेल्या रेझिनच्या डब्यांची जोडी पिशवीत घालून मी मिरजेच्या गाडीत बसले.

माझे वडील, दानिएल आवळे, तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. मिरजेत मार्केटच्या मागे त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ येणं बंद झाल्यावर त्यांनी टीव्ही केले, टीव्ही बंद झाल्यावर मिक्सर. शाळा सातवीपर्यंत. चौदाव्या वर्षी एका दुकानात झाडू मारायला लागले आणि तिथे जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या पुठ्ठ्यांवर आतून चिकटवलेले नकाशे बघत बघत धंदा शिकले. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की कागद लावायचं मी कधी ठरवलंच नव्हतं. कागद असतोच, एवढंच माहीत होतं.

म्हणून मला वाटलं होतं, ते चिडतील.

"मग काढ की कागद," पप्पा म्हणाले.

"काढू?"

"साठ डब्या म्हणतोय ना तो? काढ. कागद काय, मला काढायला सांगितलं तरी काढ."

"तुम्हीच म्हणायचात, कंपनीवाल्यांनी आत कागद लावला म्हणून तुम्ही शिकलात."

"व्हय. म्हणतोय की अजून. पण त्या कंपन्या कुठायत, सांग बघू. एक तरी हाय का? सगळ्या बुडाल्या. मी जगलो, त्या बुडाल्या." त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि रेझिनचा डबा खिडकीशी नेऊन वाचायला लागले. "आता तू कंपनी होणार का मेकॅनिक, तेवढं ठरव. दोन्ही व्हायला जाऊ नको. गरम होतंय असं लिहिलंय ह्याच्यावर."

"थोडं होतं. घट्ट होताना."

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं, पप्पा."

रविवारी चर्च सुटल्यावर जेवून मी बसले. आयसीवरचे नंबर घासले. बटणांची नावं इंग्रजीत रंगवली. शेवटी प्रीसेट लावला. प्रीसेट म्हणजे सर्किटवरचा मुगाच्या दाण्याएवढा एक फिरता पुर्जा. प्रत्येक पेडलात तो वेगळ्या जागी बसतो, कारण कुठलेही दोन ट्रान्झिस्टर सारखे नसतात. मीटरवर तो लागत नाही. बास वाजवायची, एक लांब सूर सोडायचा, सूर विझेपर्यंत ऐकायचं आणि स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवायचं. वीस मिनिटं जातात. मला त्या दिवशी चाळीस लागली. नीट लागल्याची खात्री झाल्यावर दोन डब्यांतलं रेझिन मोजून एकत्र केलं आणि ओतलं.

सगळं एकदम ओतलं. पातळ थर द्यायचा, तो थंड होऊ द्यायचा, मग दुसरा द्यायचा, हे मला माहीत नव्हतं. डब्यावर लिहिलं होतं, पण मी फक्त प्रमाण वाचलं होतं. दहा मिनिटांनी डबीला हात लावला तर चहाच्या पेल्यासारखी तापलेली.

रात्री आठला थंड झाल्यावर वायर लावली. दोन-चार चाली वाजवल्या. आवाज तोच. भरदार, खाली पोट, वर करकर. मग खालच्या तारेवर एक सूर सोडला आणि थांबले.

सूर विझला नाही. संपत संपत आला आणि फाटला, सुकलेला रेशमी कपडा टर्रकन फाटावा तसा. मी परत वाजवला. परत फाटला.

"प्रीसेट हलला," पप्पा आतल्या खोलीतून म्हणाले.

"हो. तापल्यामुळे."

"फिरव मग."

ते उठून बाहेर आले. आम्ही दोघांनी डबीत बघितलं. काळं, गुळगुळीत, आमच्या डोक्यावरचा दिवा त्यात दिसत होता. पप्पा परत आत जाऊन झोपले.

दुसरं करायला वेळ नव्हता. सोमवारी पहाटेच्या गाडीने निघाले. पिशवीत बंद डबी होती. माझं स्वतःचं उघडं पेडल घरीच ठेवलं. का ठेवलं, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलंय. खरं उत्तर असं की शेजारी शेजारी वाजवली तर फरक कळेल, आणि तो कळू नये अशी माझी इच्छा होती.

तीन वाजता दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मागच्या खोलीत कुंटे, मस्करेन्हस, मी आणि इक्बाल मुजावर. इक्बालभाईंना मीच बोलावलं होतं. कोल्हापूरचे, अठ्ठेचाळीस वर्षांचे, पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात बास. पहिलं 'खर्ज' त्यांनी घेतलं होतं, इचलकरंजीत, स्टेजच्या मागे, अर्थातच उघडून बघून. त्या आठवड्यात त्यांची पुण्यात तालीम होती.

मस्करेन्हस पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज मऊ. त्यांनी आधी स्वतः बास गळ्यात घेतली. अंगठ्याने ताडताड तारा मारल्या, जलद, दाखवण्यासाठी वाजवतात तसं. त्या वाजवण्यात सूर संपायला उसंतच मिळत नाही. त्यांनी मान डोलावली.

"फार सुंदर. आता तुम्ही वाजवा, मास्टर."

इक्बालभाईंनी बास घेतली. लग्नातली एक संथ चाल सुरू केली. लांब सूर. पहिला सूर संपत आला आणि फाटायच्या क्षणभर आधी त्यांनी उजव्या हाताचा तळवा तारेवर ठेवला. सूर गप्प झाला. दुसरा सूर. परत तळवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तिसरा, चौथा, प्रत्येक सूर ते संपायच्या आत दाबत गेले, इतक्या सफाईने की ती त्यांची शैलीच वाटावी.

त्यांना पहिल्याच सुरात कळलं होतं. आणि ते माझ्यासाठी झाकत होते.

"साठ नको," मस्करेन्हस कुंट्यांना म्हणाले. "शंभर करू या. गणपतीच्या आधी."

कुंट्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. त्यात मला वाटतं खरा आनंद होता. वाईट माणूस नव्हता तो.

"इक्बालभाई," मी म्हटलं, "शेवटचा सूर सोडा."

"झालं की आता."

"हात न लावता सोडा."

"असू दे गं एस्तेर. साहेबांनी ऐकलं की." हे ते अगदी हळू म्हणाले, गिटारीची वायर काढायला वाकत.

"सोडा."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग सरळ उभे राहिले, खालची तार छेडली आणि दोन्ही हात बाजूला घेतले. खोलीत सूर भरला, उतरत गेला आणि टर्रकन फाटला.

"हे काय झालं?" कुंटे.

"बिघाड आहे."

"मग दुरुस्त कर. अजून चार दिवस आहेत ते पुण्यात."

"नाही होणार. स्क्रूड्रायव्हरचं काम आहे, पाव फेरा. बिघाड मला ठाऊक आहे, कुठे आहे तेही ठाऊक आहे." मी झाकण काढून डबी त्यांच्यासमोर धरली. "मध्ये हे आहे."

त्यांनी काळ्या दगडावर बोटाने टकटक केलं. "ठीक आहे. ओतताना चुकलं असेल. दुसरं कर, नीट ओत."

"नीट ओतीन. आज लागेल. दोन वर्षांनी ट्रान्झिस्टर जुना झाला की परत हलणार. उन्हात स्टेजवर तापलं की हलणार. प्रत्येकाचं हलतं, काका. तेव्हा तो माणूस काय करणार?"

मस्करेन्हस हसले. त्रास झाल्यासारखे नाही, समजूत घातल्यासारखे. "अगो, इतका लांब सूर वाजवतो कोण? तुला ऐकू आलं, मला नाही आलं. आणि दोन वर्षांनी बिघडलं तर उत्तम. नवीन घेईल. पेडल उघडलं की माणूस दुरुस्त करतो. नाही उघडलं की दुकानात येतो. धंदा ह्याच्यावर चालतो, बाळ."

"म्हणजे रेझिन चोरांसाठी नाही."

"दोघांसाठी," मस्करेन्हस म्हणाले. "एका दगडात."

कुंटे गडबडीने मध्ये पडले. "ते तसं म्हणत नाहीयेत..."

"नाही, ते तसंच म्हणतायत," मी म्हटलं. "काका, माझा कागद द्या."

"कुठला कागद?"

"शनिवारी काढला तो. खणात ठेवलात."

ते उठले, पुढच्या खोलीत गेले, खण उघडून चौकोनी घडी माझ्या हातात ठेवली. त्यांना वाटलं असावं की मी निघाले. मी निघालेच, पण दोन दुकानं सोडून पलीकडे झेरॉक्सवाला होता तिथवर. त्याला म्हटलं, शंभर. तो म्हणाला, पाठपोट? मी म्हटलं, एका बाजूने, पण नंबर वाचता आले पाहिजेत.

चार वाजायला दहा मिनिटं असताना मी परत आत आले. काउंटरपाशी एक बाई पेटी बघत होत्या, दोन कॉलेजची मुलं गिटारच्या तारा घेत होती, एक म्हातारे गृहस्थ तबल्याच्या शाईबद्दल भांडत होते. मी प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. पेटीवाल्या बाईंनी तो उलटा धरला.

"काय आहे हे? हळदीकुंकू?"

"पेडलचा नकाशा आहे. बासच्या. कोणीही करा. बिघडलं तर ह्यात बघून दुरुस्त करा. दुसऱ्याला हवा असेल तर झेरॉक्स काढून द्या."

"मला पेटी हवीय हो," बाई म्हणाल्या.

"मग ज्याला हवा त्याला द्या."

उरलेला गठ्ठा मी काउंटरवर ठेवला, तारांच्या पाकिटांशेजारी. कुंटे मागच्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी गठ्ठा उचलला नाही. वरचा एक कागद घेतला, चष्मा लावला, अथपासून इतिपर्यंत वाचला.

"झालं समाधान?"

"हो."

"रागावून केलंस. मला वाईट वाटतंय, खरंच सांगतो. सर्किट दिलंस, ऑर्डर दिलीस. आता तुझ्याकडे उरलं काय, एस्तेर?"

मी बंद डबी पिशवीत टाकली. तेवढ्यात मस्करेन्हस बाहेर आले, गठ्ठ्यातला एक कागद घेतला, नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "थँक यू." मनापासून म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर इक्बालभाई म्हणाले, "येडी हायस तू."

"हो."

"मी झाकलं होतं की. शंभर नग, बाय. माझ्या हातानं झाकलं होतं मी."

"किती दिवस झाकणार होता?"

"आजचा दिस निघाला असता." ते थांबले. एका टपरीशी चहा सांगितला. "त्या खिशातवाल्यानं तुझा नकाशा नेला, बघितलंस का?"

"बघितलं."

"आणि तू दिलास."

"सगळ्यांना दिला. त्याला एकट्याला नाही म्हणणार कशी?"

"मग मला बी दोन दे. एक घरला, एक गाडीत." आणि चहा येईपर्यंत ते हसत राहिले.

रात्री पप्पांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मस्करेन्हस काय म्हणाले ते परत एकदा सांगायला लावलं, शब्दाला शब्द. मग विचारलं, "शंभर कशाला काढल्यास? वीस पुरल्या असत्या."

१ एप्रिलला मी हॉस्पिटलात परत हजर झाले. पेडलं संध्याकाळी करायची, महिन्याला तीन-चार. २०११ साली मस्करेन्हसांचं पेडल बाजारात आलं. वेगळं नाव, इंग्रजी बटणं, आत काळं रेझिन. मी एक विकत घेतलं. सर्किट माझंच होतं. ते तीन वर्षं चाललं आणि मग मिळेनासं झालं. का, ते मला माहीत नाही, आणि त्याचं श्रेय मी घेत नाही. कागद मात्र फिरत राहिला. कोणीतरी फोटो काढून इंटरनेटवर टाकला. ज्यांनी घरी केलं त्यांतल्या काहींना डाग देता येईनात, म्हणून त्यांनी तयार मागवलं, माझ्याकडून. अशी गिऱ्हाइकं वाढत गेली. २०१६ साली मी नोकरी सोडली. पप्पा त्याच्या आदल्या वर्षी गेले. कुंटे २०१९ मध्ये. त्यांच्या अंत्ययात्रेला मी गेले होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांचे चिरंजीव सारंग कुंटे यांच्या वकिलांची नोटीस आली. 'खर्ज' हे नाव वाद्यसाहित्यासाठी आपल्या दुकानाच्या नावे नोंदवण्याचा अर्ज त्यांनी केला आहे, ते नाव २००९ पासून दुकानात वापरात होतं, आणि मी ते तीस दिवसांत थांबवावं, असं त्यात लिहिलं होतं. सर्किटचा उल्लेख नव्हता. ते कोणालाच मागता येत नाही. त्याची सोय मी करून ठेवली होती. नाव नोंदवायचं मात्र मला कधी सुचलंच नाही.

मी हरकत दाखल केली. इक्बालभाई आता चौसष्ट वर्षांचे आहेत, गुडघ्यांनी थकलेत. ते कोल्हापुराहून एसटीने आले आणि प्रतिज्ञापत्रावर सही करून गेले: पेडल, 'खर्ज' असं नाव रंगवलेलं, नोव्हेंबर २००७, इचलकरंजी. वकील म्हणाल्या, निकाल लागेपर्यंत सुरक्षित म्हणून दुसरं नाव वापरा. मी विचारलं, कायद्याने वापरावंच लागेल का? त्या म्हणाल्या, नाही, पण हरलात तर महागात पडेल.

सुनावणी १६ जून २०२५ ला होती. त्या दिवशी समोरच्या वकिलांनी मुदत मागितली. पुढची तारीख अजून लागलेली नाही. ह्या आठवड्यात चार पेडलं गेली: दोन कोहिमाला, एक बार्शीला, एक पणजीला. चारही डब्यांवर 'खर्ज' हेच नाव आहे.